स्पेनचे स्थळ

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी चौकशी करतात. घरातले एखादे जाणते माणूस मुलाच्या गावी जाते, घर पाहते, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलते आणि परत येऊन सांगते. त्या माणसाने तिथे चहा घेतला तरी चालतो, पोहे खाल्ले तरी चालतात. गोड मात्र खायचे नसते. गोड खाल्ले की पसंती झाली, असा समज आहे. माझे एक काका कबनूरला अशाच चौकशीला गेले असता समोर आलेली बासुंदी त्यांनी पोट बिघडल्याचे सांगून परत पाठवली, ही हकिगत आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली की ती मला पाठ होती. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये जे घडले ते मला रीत ठाऊक नव्हती म्हणून घडले, असे मला म्हणता येणार नाही. ती रीत स्पेनमध्येही लागू असते, एवढेच माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी मूळची कोल्हापूरची. इथल्या एका हायस्कुलात काही वर्षे गणित आणि विज्ञान शिकवले. पुढे यजमानांची नोकरी स्पेनमध्ये सारागोसा या शहरी लागली आणि आम्ही मुलीला घेऊन तिकडे गेलो. भाषा शिकायला मला दोन वर्षे लागली. आता तिथल्या एका शिकवणी वर्गात मी शाळेतल्या मुलांना गणित शिकवते, अर्थात स्पॅनिशमधून. वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुट्टीला जोडून, आठवडाभर माहेरी येते.

या वर्षी निघण्यापूर्वी थोरल्या भावाचा फोन आला. त्याचे पंप आणि पाइपांचे दुकान आहे. त्याला पदवी घेतलेली, नोकरी करणारी एकुलती मुलगी आहे.

"अगं, पोरीला एक स्थळ आलंय. वारणानगरचं. बाप साखर कारखान्याच्या ऑफिसात. पोरगा तुझ्या स्पेनातच हाय. जरा जाऊन बघून ये की."

"कोणत्या गावी आहे?"

"व्हॅलेन्सिया म्हणत्यात. तुझ्यापास्नं किती? इचलकरंजीएवढं असंल."

मी त्याला सांगितले, की ते अंतर कोल्हापूरहून पुणे ओलांडून पुढे जाण्याइतके आहे. त्यावर तो म्हणाला, "मग काय, सकाळी जाऊन संध्याकाळी माघारी."

मी गेले. मुलगा स्टेशनवर घ्यायला आला होता. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, बोलणे नम्र. भर फलाटावर वाकून पाया पडला. एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात पर्यवेक्षक होता. कामाची वेळ, पगार, घरभाडे, सारे त्याने न विचारता नीट सांगितले. घर लहान पण टापटीप. खिडकीत तुळस लावलेली. मला तो आवडला, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

थोड्या वेळाने आतून एक स्त्री बशा घेऊन आली. तिशीची, केस वर बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. तो मला मराठीत म्हणाला, "ही कामाला येती, आत्या. स्वैपाकपाणी बघती." बशीत शिरा होता. केशर घातलेला, वर काजू. स्पेनमध्ये कोणी शिरा करून पुढे ठेवला तर तो आपल्या चौकशीच्या रीतीतला गोड पदार्थ आहे, हे कोणाला सुचेल? मी चमचा उचलला. त्याने मोबाईल काढून फोटो टिपला आणि हसत म्हणाला, "आईला दाखवतो."

ती स्त्री समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली आणि मला स्पॅनिशमध्ये विचारू लागली, की नीट झाला आहे ना. मी म्हटले, उत्तम झाला आहे. तेव्हा तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "सासूबाईंनी शिकवला. फोन ओट्यावर उभा करून ठेवला होता. आधी दोन वेळा रवा करपला. त्या ओरडत होत्या, मला काही कळत नव्हतं, आणि आम्ही दोघी हसत होतो."

मी मुलाकडे पाहिले. त्याचा मोबाईल हातातच राहिला होता. कोल्हापूरच्या आत्याबाईंना स्पॅनिश येत असेल हे त्याच्या हिशेबात नव्हते. मी काय काम करते, हे त्याने विचारलेच नव्हते.

"किती दिवस झाले तुम्हाला?" मी तिला विचारले.

"एकत्र राहून तीन वर्षं. नोंदणी केली त्याला दीड."

नोंदणी म्हणजे काय ते सांगायला हवे. स्पेनमध्ये लग्न न करताही जोडपे म्हणून सरकारदरबारी नोंद करता येते, आणि जोडीदार तिथला नागरिक असेल तर परदेशी माणसाला राहण्याचे कार्ड त्या नोंदीवर मिळू शकते. ती स्त्री तिथली होती. एका वृद्धाश्रमात काम करत होती.

मुलगा मराठीत, आवाज न बदलता, तेच हसू चेहऱ्यावर ठेवून म्हणाला, "आत्या, तुम्हाला माहीतच हाय की. कागदाचं कसं असतंय इथं."

आणि ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. आपली काही स्तुती चालली आहे असे तिला वाटत असावे. तोंडात शिऱ्याचा घास होता. तो मला गिळवेना. शाळेत असताना एकदा पाण्याच्या टाकीत मेलेली पाल निघाली होती, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाणी आधीच प्यायलेले होते. ते आठवले. मी बशी खाली ठेवली. निघताना तिने माझा नंबर घेतला. पुरणपोळी कशी करतात ते तिला विचारायचे होते.

हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते. समोर गेल्यावर भावाला सांगावे असे ठरवून मी शनिवारी कोल्हापूरला पोहोचले. दारातच वहिनीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली.

"वन्सं, तुम्ही तिथं तोंड गोड केलासा, तिथंच सगळं सोपं झालं बघा! फोटो आला, आणि मामा म्हणाले, आता थांबायचं न्हाय."

मामा म्हणजे वहिनीचे मामा; स्थळ त्यांनीच आणलेले. माझा तो फोटो, चमचा ओठाशी नेलेला, दोन्हीकडच्या सर्व नातेवाइकांना पाठवण्यात आला होता. सोमवारी मुलाकडचे येऊन सुपारी फुटणार होती, म्हणजे संबंध पक्का होणार होता; आणि बुधवारी, अक्षय्य तृतीयेला, मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन साखरपुडा. हॉल ठरला होता. पंगतीत श्रीखंड की आमरस यावर वहिनी आणि तिची बहीण तावातावाने बोलत होत्या.

रात्री जेवण झाल्यावर मी भावाला गच्चीवर नेले आणि सगळे क्रमाने सांगितले. काय पाहिले, कोण काय बोलले, कोणत्या भाषेत बोलले. तो कठड्याला टेकून ऐकत होता. मधेच दात कोरू लागला.

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"ती बाई. मामांनी सांगितलंय. कागदासाठी हाय ते. कार्ड कायमचं झालं की सोडतोय तो तिला. वर्षाचा प्रश्न हाय."

"आणि ती? तिचे काय?"

"तिचं काय? त्यांच्यात असतंयच की, आज ह्यो, उद्या त्यो."

माझ्या घरात, माझ्या आईच्या हातचे जेवून मोठ्या झालेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला राग आला असता तर बरे झाले असते. रागात माणूस काही बोलतो, भांडतो. मला नुसती किळस आली, आणि किळस आलेला माणूस मागे सरतो, तशी मी मागे सरले.

"तुला सगळे माहीत होते, तर मला इतक्या लांब कशाला पाठवलेस?"

त्याला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "म्हणजे? चौकशी न करता पोरगी द्यायची व्हय? उद्या लोक विचारतील, कोण जाऊन आलं? सांगायला नको? आत्या जाऊन आली म्हटलं की तोंडं बंद हुत्यात सगळ्यांची."

चौकशीत काय निघाले हे त्याच्या दृष्टीने चौकशीचा भागच नव्हते. कोणीतरी जाऊन यायला हवे होते, आणि गोड खाऊन यायला हवे होते. दोन्ही झाले होते.

"पोरीला सांगितलेस?"

"तिच्या डोक्यात कशाला भुंगा सोडायचा? तू पण गप ऱ्हा."

मी गप्प राहिले नाही. रविवारी सकाळी भाची माझ्याजवळ येऊन बसली. मी वर्गातल्या मुलांच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासत होते. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात आहे. दोन महिने ती त्या मुलाशी रोज फोनवर बोलत होती. तिने विचारले, "कसा वाटला गं आत्या तुला? खरं सांग," आणि मी खरे सांगितले.

मग तिने जे विचारले ते तिच्या वडिलांना किंवा मलाही सुचले नव्हते.

"कागदासाठी असेल, तर ते दोघांनाही माहीत असणार. तसं असलं तर तो त्यांचा व्यवहार झाला. मला आवडणार नाही, पण व्यवहार आहे. तिला माहीत आहे का?"

"मला वाटते, नाही."

"वाटतं असं नको, आत्या. मी तिच्याशी बोलते. तू मधे भाषा सांभाळ."

मी त्या स्त्रीला निरोप पाठवला, की माझ्या भाचीला तुझ्याशी बोलायचे आहे. तिने आनंदाने कळवले, की सोमवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती फोन घेईल. आपल्याकडचे साडेचार. पाहुणेही त्याच सुमारास येणार होते. भाची वडिलांना म्हणाली, "माझं बोलणं झाल्याशिवाय सुपारी फोडायची नाही." भावाने मान हलवली. त्या मान हलवण्याला आम्ही दोघी होकार समजलो.

सोमवारी भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या बसऐवजी रिक्षाने घरी आली. पाहुणे आधीच आले होते. मुलाचे वडील अबोल. सोफ्याच्या टोकाला बसून छताच्या पंख्याकडे पाहत होते. आई मात्र घर स्वतःचेच असल्यासारखी आतबाहेर करत होती. वहिनीला साडीचा रंग सांगत होती, मामांना चुना कमी लावायला सांगत होती. मला पाहताच म्हणाली, "या आत्याबाई! तुमच्या पायगुणानं झालं बघा सगळं."

मी सरळच विचारले. शिक्षिकेची ती सवय जात नाही. "तुमच्या मुलाकडच्या त्या बाईंना शिरा कोणी शिकवला?"

मला वाटले, आता ही बाई खाली पाहील. ती खाली पाहणाऱ्यांपैकी नव्हती.

"मीच की! तुम्ही येणार म्हणून शिकवला. पोराला खायला घालणारं कोणतरी पायजेच न्हवं तिथं? हॉटेलातलं खाऊन आजारी पडला असता."

"ती तुम्हाला सासूबाई म्हणते."

"म्हणू दे की! म्हटल्यानं काय माझ्या अंगाला भोकं पडत्यात?" ती सगळ्यांकडे पाहून हसली, आणि मामा हसले, माझा भाऊ हसला. "आपली पोरगी गेली की ती जाईल आपल्या वाटेनं. गोरी माणसं, त्यांना काय लागतंय."

वहिनी हसली नाही. पण ती उठून चहा टाकायला गेली, आणि आतून कपबशांचा आवाज येत राहिला.

भाची दाराजवळ उभी होती. तिने सर्व ऐकले. म्हणाली, "ठीक आहे. साडेचारला मी तिलाच विचारणार आहे."

"विचार की बाळ," होणारी सासू मायेने म्हणाली. "लावा फोन. आम्ही कुठं न्हाय म्हणतोय?"

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. निरोप पाठवला, तो पोहोचला नाही. इतक्यात यजमानांचा एक तुटक निरोप माझ्या मोबाईलवर आला: सगळीकडची वीज गेली आहे, सिग्नलही जातोय, काळजी करू नकोस. मी लगेच उलट विचारले, मुलगी कुठे आहे? तो निरोप गेलाच नाही.

मामांनी टीव्ही लावला. तोवर बातमी इथेही आली होती. संपूर्ण स्पेन आणि शेजारच्या पोर्तुगालमधली वीज एकाएकी बंद पडली होती. रेल्वे थांबल्या होत्या, माणसे पटरीवरून चालत होती. मराठी वाहिनीवर मोठ्या अक्षरांत "स्पेन अंधारात" असे झळकत होते. वास्तविक तिथे भर दुपार होती, आणि मागच्या चित्रात लख्ख ऊन दिसत होते. पण ते कोणाला खटकले नाही.

"अगं, अख्खा देशच बंद पडला की तुझा!" भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला.

"आमच्या लाईटवाल्यांना नावं ठेवत हुतासा न्हवं दरवर्षी?" मामा म्हणाले. "आता बोला!"

"पावणं, इन्व्हर्टर पाठवून देऊया काय तिकडं?" भावाने मुलाच्या वडिलांना विचारले, आणि त्या अबोल माणसालाही हसू आले.

माझी मुलगी कॉलेजातून ट्रामने नव्हे, बसने येते, एवढाच आधार मी मनाशी धरून उभी होते. या दिवाणखान्यात माझे सख्खे नातेवाईक बसले होते. त्यांतल्या एकानेही विचारले नाही, की तुझी मुलगी कुठे आहे. चहा आला. बिस्किटांची बशी फिरली. टीव्हीवर अंधाऱ्या बोगद्यातून बाहेर येणारी माणसे दाखवत होते आणि आमच्याकडे कोणीतरी म्हणाले, "आवाज कमी करा जरा, मामा बोलत्यात."

मामा सांगत होते, की सुपारीची वेळ टळायला नको.

भाची पुढे आली. "मी सांगितलं होतं, बोलणं झाल्याशिवाय नाही. उद्या लाईट येईल तिथं. उद्या बोलते, मग परवा काय करायचं ते करा."

"आणि ही माणसं? वारणेहून आल्यात. त्यांना माघारी धाडू?" भाऊ म्हणाला.

"एक दिवस, बाबा."

"तुझा मुहूर्त आता स्पेनच्या लाईटीवर ठरवायचा व्हय गं?"

सगळे हसले. तेवढ्या हशात मामांनी पानावरची सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि फोडली. दोन्हीकडे खोबरे-साखर वाटली गेली. मामा लगोलग मुलाच्या आईला म्हणाले, "घ्या विहीणबाई," आणि तिनेही ते नाते तत्काळ अंगाला लावून घेतले. भाचीच्या हातावर कोणी साखर ठेवली नाही. तिला कोणी काही विचारलेच नाही. तिच्या समोर, तिच्या डोळ्यांदेखत, घरात जमलेल्या चार वडीलधाऱ्यांनी वीज जाण्याचा फायदा घेतला. किराणा दुकानात दिवे गेल्यावर कोणी पुढ्यातल्या बरणीत हात घालावा, तसा तो प्रकार होता, आणि वर सर्वांच्या कपाळाला कुंकू.

पुढचे सांगते. मंगळवारी सकाळी यजमानांचा फोन आला. मुलगी आदल्या दिवशी मैत्रिणींबरोबर चालत घरी पोहोचली होती. रात्री मेणबत्ती लावून जेवले होते. पहाटे वीज आली. वहिनी येऊन हळूच विचारून गेली, "लेक बरी हाय न्हवं?" त्या घरात हे विचारणारी ती एकटीच. मला तेही गोड लागले नाही, कारण ते आदल्या दिवशी विचारायचे होते.

दुपारी त्या स्त्रीचा निरोप आला. काल जमले नाही म्हणून तिने माफी मागितली होती. वृद्धाश्रमातल्या माणसांना हातांनी उचलून जिन्याने खाली आणावे लागले, असे लिहिले होते. भाचीने त्या दिवशी कारखान्यात जाणेच टाळले होते. आम्ही तिच्या खोलीचे दार लावून फोन लावला.

ती पडद्यावर दिसली. थकलेली, पण हसतमुख. भाचीला पाहताच म्हणाली, "अरे, ओळखलं! फोटोपेक्षा छान दिसतेस."

मी भाषांतर केले. भाचीने विचारले, "माझा फोटो कुठे पाहिलास?"

"त्यानंच दाखवला. तू त्याची बहीण ना? लग्न ठरतंय म्हणाला. अभिनंदन! मी म्हटलं, मीही येते लग्नाला, तर म्हणाला रजा मिळणार नाही तुला."

हे मराठीत सांगताना मी थांबले. आयुष्यभर मी मुलांना शिकवत आले, की प्रश्नात जे दिले आहे ते जसेच्या तसे उतरून घ्या, त्यात आपले काही मिसळू नका. मी जसेच्या तसे सांगितले. भाचीचा चेहरा मी पाहिला नाही.

तिने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. "तुमची जोडपं म्हणून नोंदणी झाली, ती का केली?"

ती स्त्री गोंधळली. "का म्हणजे? एकत्र राहतो म्हणून. पुढच्या वर्षी मोठं घर घ्यायचं म्हणतो आहोत."

भाची माझ्याकडे वळली. "तिला माहीत नाही."

"नाही."

"मग सांग तिला."

"तू नीट विचार केलास का?"

"आत्या, कालपासून इथं सगळे मला काही न सांगता माझं ठरवत आहेत. मी तिला तेच करू?"

मी सांगितले. वाक्ये लहान ठेवली. ही त्याची बहीण नाही. याच मुलीशी त्याचा संबंध ठरवला आहे. उद्या साखरपुडा आहे. त्याची आई काल इथे आली होती.

त्या स्त्रीने चष्मा काढला. मागे कुठेतरी एक म्हातारा खोकत होता. मग तिने एवढेच विचारले, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी आलात, त्या कशासाठी?"

चौकशीची रीत आणि गोडाचा अर्थ मी तिला समजावून सांगितला. ती म्हणाली, "मला वाटलं, त्यांनी मला घरातली म्हणून शिकवला." आणि फोन बंद केला.

संध्याकाळी वारणानगरहून फोन आला. भावाने तो मोठ्या आवाजावर लावला, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकला. काल मायेने बोलणारी ती बाई किंचाळत होती.

"कुणी सांगितलं तिला? आं? तिनं त्याच्या पिशव्या दारात आणून ठेवल्यात! आता तिनं कागद रद्द केले तर? माझ्या लेकराचं वाटोळं करायला बसलासा व्हय तुम्ही?"

मामांनी तिला समजावण्याचा प्रयत्न केला. "विहीणबाई, जरा..."

"कसली विहीण? मोडलं! ठेवा तुमची पोरगी घरात!"

फोन बंद झाल्यावर भाऊ माझ्यावर आला. "तुला काय गरज हुती गं? आपल्याला द्यायची न्हाय तर न्हाय. त्याचं घर कशाला बुडवायचं? चांगला सेटल झालेला पोरगा!"

"मी सांगायला लावलं," भाची म्हणाली. "आत्यानं नुसतं भाषांतर केलं."

"तू? आणि उद्याच्या पंगतीचं काय? लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांगा."

तो तिच्याकडे असा पाहत राहिला, की तिने जणू भलत्याच देशाची भाषा काढली होती. मुलगी एका फसवणुकीतून सुटली, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर कुठे तरी उमटेल म्हणून मी वाट पाहिली. तो उमटला नाही. तो मामांना घेऊन बाहेर गेला, हॉलवाल्याशी बोलायला.

बुधवारी हॉल रद्द झाला, पण जवळच्या माणसांना नको म्हणता आले नाही. ती घरी जेवायला आली. वहिनीने सर्वांना सांगितले, की तिकडच्या वीजप्रकरणामुळे मुलाला रजा मिळाली नाही, तेव्हा तूर्त पुढे ढकलले आहे. लोकांनी बातम्या पाहिल्याच होत्या. त्यांनी ते लगेच मान्य केले आणि आमरस पुन्हा वाढून घेतला. एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही फोटोत शिरा खाताना किती छान दिसत होतासा!" भाची त्या गर्दीत नव्हती. साखरपुड्यासाठी टाकलेली रजा तिने रद्द केली होती आणि सकाळच्या बसने कागलला कामावर गेली होती.

संध्याकाळी माझा ऑनलाइन वर्ग होता. मुले वीज गेल्याच्या गोष्टी एकमेकांना सांगत होती, मी त्यांना अपूर्णांकांकडे वळवत होते. वर्ग संपला तेव्हा भाऊ खोलीच्या दारात उभा असलेला दिसला. तो बराच वेळ उभा असावा. आत येऊन पलंगाच्या कडेला बसला. हातातल्या किल्ल्या खुळखुळवत राहिला. मला वाटले, आता हा काहीतरी बोलेल; निदान चुकले म्हणेल, किंवा पोरीचे वाईट वाटते म्हणेल.

"अगं," तो म्हणाला, "तुमच्या गावात आपल्याकडचं दुसरं कोण हाय काय? एकटा ऱ्हाणारा असंल असा?"

मी संगणक मिटला. "तिला विचारलेस?"

"तिला काय विचारायचंय त्यात?"

मी उठले आणि त्याला खोलीबाहेर जायला सांगितले. तो गेला. आजही त्याला वाटते, की मी त्या दिवशी प्रवासाने थकले होते.